उघड्या कार्डावरचं मत

जगात गुपित नावाची एक चीज असते, हे आमच्या आतोबांना लहानपणी सांगायचं कुणीतरी विसरून गेलं असावं. माणसाच्या पोटात चार गोष्टी राहाव्यात असं म्हणतात. आतोबांच्या पोटात फक्त भाकरी राहायची. बाकी जे काही आत जाईल ते दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डावर बाहेर. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कुरुळीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि ढेकळांतून आडवं चालत सुटायचं, की त्यांचं गाव लागायचं. कांदा-बटाट्याची शेती, एक बैलजोडी, एक म्हैस आणि आत्या एवढा त्यांचा प्रपंच. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटलेला आणि चिंचवडला खोली घेऊन राहणारा मी, हाच त्यांचा हक्काचा मुलगा होतो आणि हा हक्क ते कार्ड लिहून बजावत.

बंडीच्या खिशात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि शाईपेन्सिल असल्याशिवाय आतोबा शेतावरसुद्धा जात नसत. पेन्सिल जिभेला लावून लिहायची सवय, त्यामुळे जीभ बारा महिने जांभळी. बंद पाकिटाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "ज्याला झाकायचंय त्यानं पाकीट घ्यावं, भाचेराव. आमचं समदं कार्डावर. वाटेत चार जनांनी वाचलं तर कार्डाचं काय झिजतं?" असं ते म्हणत. कार्डाचं काही झिजत नसे, झिजायचो मी. माझी कार्डं कारखान्याच्या पत्त्यावर यायची. कारण त्यांच्या मते खोली आज आहे उद्या नाही, पण कारखाना कुठे पळून जात नाही. गेटवरचा जमादार ती आधी वाचायचा, मग टाइम ऑफिसातला कारकून, मग माझ्या खात्यातले पाचसहा जण, आणि शेवटी ज्याचं कार्ड त्याला मिळायचं. "मागच्या वेळी तुला जुलाब होत होते ते थांबले का? थांबले नसल्यास डाळिंबाची साल उकळून घेणे. आत्याने सुंठ पाठवली आहे, कळावे," हे कार्ड आलं त्या दिवशी मी शिफ्टवर पोचलो तर खात्यातले लोक माझ्याकडे ज्या काळजीने बघत होते, त्या काळजीने सख्ख्या आईनेही कधी बघितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एकाने माझ्यासाठी खरोखरच डाळिंब आणलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

माझ्या लग्नाच्या खटपटीतही त्यांनी असाच हात घातला. मारुंजीकडचं एक स्थळ ते बघून आले आणि तिथल्या तिथे पारावर बसून त्यांनी कार्ड लिहिलं : "मुलगी चांगली आहे. रंगाने आपल्यातलीच. एक दात पुढे आहे, पण तुझे कानही काही कमी पुढे नाहीत, तेव्हा जमून जावे." हे कार्ड घेऊन जमादार स्वतः खात्यात आला आणि माझे कान नीट बघून परत गेला. ते लग्न जमलं नाही हे सांगायला नकोच, कारण तसलंच एक कार्ड मुलीच्या बापालाही गेलं होतं आणि त्यात माझ्या कानांचं वर्णन जास्त विस्ताराने होतं. ओव्हरटाइम लागल्याचं खोटं कारण सांगून मी दोन महिने गावाला गेलो नाही. त्यावर कार्ड आलं, "ओव्हरटाइम नसल्याचे समजले. रागावला असल्यास तसे कळवणे."

हा कारभार काही माझ्यापुरता नव्हता. आठवडेबाजाराला चाकणला गेले की ते तिथल्या पोस्टातून आत्याला कार्ड टाकत आणि संध्याकाळी बैलगाडी जुंपून कार्डाच्या आधी घरी पोचत. आत्या विचारायची, "कांदा काय भावानं गेला?" तर म्हणायचे, "लिवलंय. येईल." एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा तोंडाने सांगणं त्यांना पोस्टखात्याचा अपमान वाटे. मग स्वतःच्याच शेतातल्या कांद्याचा भाव कळायला आत्या पोस्टमनची वाट बघत बसे. शेजाऱ्याशी बांधावरून वाजलं, तर मधल्या भिंतीवरून चार शिव्या हासडून मोकळं व्हायचं सोडून ते त्याला कार्ड लिहीत आणि ते चाकणवरून फिरून त्याच्या दारात येई. पण एक सांगायला हवं, की चूक आपली निघाली तर माफीही ते तशाच उघड्या कार्डावर मागत. विहिरीवरचा शेजाऱ्याचा दोर चुकून घरी आणला म्हणून "मी तुमचा दोर नेला, लाज वाटते" असं कार्ड त्यांनी पाठवलं होतं आणि ते पोस्टमनने रिवाजाप्रमाणे वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर वाचून दाखवलं होतं. गावात वाचता येणारी माणसं मोजकी. पत्र पोचवणं आणि वाचून दाखवणं ही दोन्ही कामं पोस्टमनचीच. स्वतःच्या फजितीची अशी दवंडी पिटून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला त्यांची लाज वाटायची ती अशा वेळी जरा वेळ थांबायची.

गावची आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची मिळून एक सोसायटी होती. बी-बियाणं, खत, हंगामापुरतं कर्ज, सगळं तिच्यातून मिळे. सभासद अर्धेअधिक गावाबाहेर. कुणी मुंबईला गिरणीत, कुणी देहूरोडला, कुणी खडकीला. त्यांनी चेअरमन निवडायच्या मतासाठी रजा काढून यायचं म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. आणि थोड्या बायकाही सभासद होत्या. आत्या त्यातली एक, कारण तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला शेजारच्या शिवारातलं एक रान चोळीबांगडीसाठी दिलं होतं आणि त्याचा सातबारा तिच्या नावावर होता. बायका काही देवळातल्या सभेत पुरुषांपुढे हात वर करायला जायच्या नाहीत. तेव्हा बाहेरगावच्यांनी, बायकांनी आणि हवं तर गावातल्या पुरुषांनीही आपलं मत पोस्टाने पाठवावं, ही टूम आतोबांचीच. सोसायटीच्या कारभाऱ्यांना त्यांनी इतकी कार्डं पाठवली, की शेवटी पोस्टमनच त्यांना म्हणाला, "मान्य करा राव, माझं पाय दुखाया लागलं." तसा ठराव झाला. आतोबांनी त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना कार्ड टाकून ही बातमी कळवली. मलाही आलं. जमादाराने अभिनंदन केलं.

सोसायटीचे चेअरमन आतोबांचे थोरले भाऊ. सारं गाव त्यांना थोरलेच म्हणे. माणूस वाईट नव्हता, पण खताची पोती त्यांच्या ओसरीवर उतरत आणि ज्याने सकाळी ओसरीखालून जाताना रामराम घातला नसेल त्याची पाळी यायच्या आत पोती संपत. त्या वर्षी त्यांच्याविरुद्ध माळआळीतला एक तरणा शेतकरी उभा राहिला. मतासाठी सभासदाने नाव लिहून सोसायटीच्या पत्त्यावर पाठवायचं होतं. आतोबांनी आपलं मत अर्थातच भावाला दिलं. मग त्यांनी आत्याला विचारलं, "तुझं काय लिवू?" भाकरी थापता थापता आत्याने त्या तरण्याचं नाव सांगितलं. आत्या थोरल्यांपुढे, म्हणजे आपल्या भासऱ्यांपुढे, लग्न झाल्यापासून कधी उभी राहिली नव्हती, त्यांची चाहूल लागली की पदर ओढून आत जायची. पण त्या चोळीबांगडीच्या रानाला दोन हंगाम खत मिळालं नव्हतं आणि ते तिला सलत होतं. "बरं," असं म्हणून आतोबांनी पेन्सिल जिभेला लावली. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घरात दोन मतं, दोन दिशांची. ह्याची त्यांना उलट मौज वाटली. दोन्ही मतं त्यांनी दोन उघड्या कार्डांवर लिहिली, "माझे मंडळींचे मत अमुक यांना, कळावे," आणि चाकणला जाऊन पेटीत टाकली.

सोसायटीचा पत्ता म्हणजे थोरल्यांची ओसरी. पोस्टमन आला तेव्हा तिथे चहा चालला होता, आठदहा माणसं बसली होती, उंबऱ्याच्या आत थोरल्या जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. थोरल्यांनी कार्डं हातात न घेता नुसती मान हलवली, आणि पोस्टमनने नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. आतोबांचं कार्ड वाचून झालं. मग आत्याचं. वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर नाव तोंडातून गेलं होतं. थोरले म्हणाले, "चहा घे रं," आणि पोस्टमनने उभ्या उभ्या चहा घेतला. हे त्यानेच मला पुढे सांगितलं. त्या चहाला चव नव्हती, म्हणाला.

थोरले निवडून आले. ते आत्याला एका शब्दाने बोलले नाहीत. भासरे भावजयीला बोलत नाहीतच. पण थोड्याच दिवसांनी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. त्या मुलीला आत्याने न्हाऊमाखू घातलेलं, कडेवर वागवलेलं. घरात कुठलंही कार्य निघालं की हळद दळायच्या जात्याला पहिला हात आत्याचा, असा त्या घरात पायंडा होता; तिला मूल नाही म्हणून कुणी तो कधी मोडला नव्हता. आत्या नवं लुगडं नेसून, ताटात हळकुंडं घेऊन गेली. जात्याजवळ बसायला वाकली, तर थोरल्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमी र्‍हाऊ द्या. पैल्या हाताला लेकुरवाळीच बरी." आत्या ताट तिथेच ठेवून परत आली. त्या दिवशी मी तिथे होतो. आत्या घरात शिरली ती सरळ म्हशीच्या गोठ्यात गेली आणि भर दुपारी धार काढायला बसली. म्हशीने दूध दिलं नाही, पण आत्या बराच वेळ उठली नाही.

आतोबा दारात उभे होते. त्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते खाली बसले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, त्यांच्यापायी शरमेने कितीदा मान खाली घातली होती, पण खुद्द आतोबांना शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दोर नेल्याची लाज वेगळी, ती लिहून टाकता येते. ही त्यांना लिहिता येईना. "भाचेराव, माझं उघडं असंल तर असू दे," ते म्हणाले, "पर तिचं उघडं टाकाया मला कुनी सांगितलं हुतं? मी इचारलंबी न्हाई तिला." ते खरंच होतं. त्यानंतर माझी कार्डं बंद झाली. जमादार दोनदा विचारून गेला, घरी सगळं ठीक आहे ना? मी ठीक आहे म्हणालो, पण मला काही ते ठीक वाटत नव्हतं.

त्याच सुमारास सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लागली. थोरल्यांनी नवा नियम आणला होता : पोस्टाने मत देणाऱ्याने आधी स्वतः चेअरमनसमोर हजर व्हावं, दोन पंचांदेखत कुणाला मत देणार ते नाव तोंडाने सांगावं, त्यावर चेअरमनची सही घ्यावी आणि मग ते मत पोस्टात टाकावं. कारण काय, तर गेल्या वेळी पोस्टाची मतं उघडी पडली. मत गुपित राहिलं पाहिजे! हे ऐकून आतोबांना पूर्वी हसू फुटलं असतं. आता ते सभेच्या दिवशी सकाळीच दाढी करून, धुतलेली बंडी घालून देवळात जाऊन बसले. मीही रजा टाकून गेलो. मनात धास्ती होती, की हे आता चारचौघांत काय बोलतील आणि आत्याची उरलीसुरली अब्रूही वेशीवर टांगतील. बायका देवळाच्या मागच्या पडवीत, भिंतीआड बसल्या होत्या. आत्या आली होती की नाही, ते दिसत नव्हतं.

थोरल्यांनी ठराव वाचून दाखवला. "कुनाला काय बोलायचंय?" आतोबा उठले. खिशातून कार्ड काढतील म्हणून सगळे बघत राहिले, पण त्यांनी हात नुसतेच लोंबते ठेवले.

"मुंबैच्या पोरानं गावात येऊन तुमची सही घ्यायची, मंग परत मुंबैला जाऊन मत पोस्टात टाकायचं," ते म्हणाले, "आन् ते फिरून तुमच्याच वसरीवर यायचं. मंग पोस्ट कशाला? मधी त्या पोस्टमनला काय म्हून पळवायचा?"

लोक हसले. पोस्टमन सर्वांत मोठ्याने हसला. थोरले हसले नाहीत. "ह्यो नियम का करावा लागला ते तुला चांगलं ठावं हाय," ते म्हणाले.

"हाय की. माझ्यामुळं." आतोबा एवढं म्हणाले आणि अडकले. माझी मान आपोआप खाली गेली. आजूबाजूच्या बऱ्याच माना गेल्या असाव्यात, कारण सभामंडपात जमिनीकडे बघण्याजोगं काही नव्हतं तरी सगळे तिकडेच बघत होते. "उघडं कार्ड मी टाकलं. तिनं न्हाई. तिनं माझ्या कानात सांगितलं आन् मी गावाच्या कानात. चूक माझी, शिक्षा तिला झाली. ती काय झाली ते हितं समद्यांना ठावं हाय, मी पुन्यांदा सांगत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच आतोबा काहीतरी सांगायचं टाळत होते.

"दादा," ते पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज इतका खाली आला की मागचे लोक पुढे सरकले. "लगीन होऊन आल्यापासनं तुमच्यासमोर तिनं तोंड उघडलं न्हाई. तुमच्या पंचांपुढं येऊन ती तुमच्या इरुद्ध नाव घेईल? न्हाई घेनार. तुमचंच घेईल. समद्याच बाया तुमचंच घेतील. पर दादा, मानाल का तुमी ते खरं?"

हातातला ठरावाचा कागद थोरल्यांनी उगीच उलटा करून बघितला. मागच्या पडवीत कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग आतोबांनीच वाट सुचवली : सभासदाला दोन चिठ्ठ्या पाठवा, एकीवर नांगर, एकीवर घागर, ज्याचं जे चिन्ह असेल ते. लिहायला नको, कुणाला विचारायला नको. हवी ती पाकिटात घालून चिकटवायची, नको ती चुलीत. पाकिटाचं नाव आतोबांच्या तोंडून निघालं तेव्हा पोस्टमनने माझ्याकडे बघितलं. "आन् पाकीट मोजनीच्या दिवशी हितं देवळात फोडा," आतोबा म्हणाले, "वसरीवर नको." थोरले म्हणाले, "बरं, तसं करू," आणि नव्या नियमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. तो परत कधी बाहेर निघाला नाही. सभेनंतरचा चहा दोघा भावांनी एकाच बाकावर बसून घेतला, एकमेकांकडे न बघता.

पुढच्या निवडणुकीला मी मुद्दाम गेलो होतो. आत्या चुलीपुढे बसली होती आणि आतोबा बाहेर अंगणातल्या दगडावर, दाराकडे पाठ करून. मी आत डोकावलो तर म्हणाले, "हिकडं ये. तिकडं बघायचं न्हाई." बरंच थांबल्यावर आत्या बाहेर आली. पाकिटाला तिने पिठाची खळ इतकी फासली होती, की ते फोडायला कुऱ्हाड लागली असती. थोरल्यांचं घर हाकेच्या अंतरावर, पण आतोबा ते पाकीट घेऊन उन्हातान्हाचे चाकणला पोस्टात टाकायला गेले. पुन्हा थोरलेच निवडून आले. खत मात्र त्या वर्षीपासून रांगेने मिळू लागलं. पुतणीच्या बाळाचं बारसं झालं तेव्हा थोरल्या जाऊबाई स्वतः बोलवायला आल्या. आत्या गेली, जेवली, पण पाळण्याच्या दोरीला तिने हात लावला नाही. काही गोष्टी सभेत ठराव करून परत येत नाहीत.

आतोबा गेल्याला आता बराच काळ लोटला. पोस्टाने मतं बरीच वर्षं जात राहिली आणि दर खेपेला ते दगडावर पाठ करून बसत राहिले. कांद्याच्या भावापासून माझ्या कानांपर्यंत सारं जगाला सांगणारा हा माणूस, स्वतःच्या घरातली एवढी एक गोष्ट न कळता इतकी वर्षं कसा राहिला असेल, याचं मला कौतुक वाटे. एकदा न राहवून मी आत्याला विचारलं, की त्या पहिल्या पाकिटात तिने काय घातलं होतं. आत्या लसूण सोलत होती. तिने मला सांगितलं नाही.

"त्यास्नी सांगितलं असतं," ती म्हणाली. "दर खेपेला वाटायचं, आज इचारतील. मी दारात जरा थांबायचीबी. पर त्येंनी कधी मागं वळून बघितलं न्हाई."

मग तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत भरल्या आणि मला जेवून जायला सांगितलं.